अर्जुनकोंड : लोकसंख्या शून्य

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज मी विद्वान झालो. सकाळी साडेनऊला, अंगणात सुपाऱ्या वाळत घालताना, दोन पायांत दोन वेगळ्या चपला असताना!

स्वराज आला होता. माझा जुना विद्यार्थी, आता आमच्या मागच्या अभयारण्यात वनरक्षक. भूगोलात कायम काठावर पास. म्हणाला, "सर, जंगलात फलक लावतोय. जागेचं नाव, नावाचा अर्थ, थोडा भूगोल — आठ ओळी. अर्जुनकोंडचं तुम्हीच लिहा. तुमच्याइतकी माहिती कुणाला आहे?"

कुणालाच नाही, असं मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "बघू, वेळ मिळाला तर." निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. वेळ सोडून माझ्याकडे दुसरं आहे काय?

अर्जुनकोंड म्हणजे दोन डोंगरांच्या बेचक्यातलं, उंचावरचं सपाट रान. दप्तरी स्वतंत्र मौजे, पण माणूस एकही नाही. महसुलाच्या भाषेत 'बेचिराख' गाव, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. आता अभयारण्यात असल्यामुळे कुणी लावूही शकत नाही.

माझी बायको श्यामला म्हणाली, "आठ ओळी? तुमचं नुसतं खाकरणं आठ ओळींचं असतं."

१४ नोव्हेंबर

लिहून झालं. जागेवरून न उठता.

'अर्जुनकोंड = अर्जुन + कुंड. वनवासात पांडव येथे आले असता द्रौपदीस तहान लागली. अर्जुनाने बाण मारून पाणी काढले, ते हे कुंड, असे जाणकार मानतात.' जाणकार म्हणजे मी. मोठ्याने वाचून दाखवलं.

"कोकणात कुणी बाण मारल्याशिवाय पाणी निघतच नाही का हो?" श्यामला नारळ खवत म्हणाली. "आपल्या विहिरीला तर मामंजींनी पाथरवट लावले होते."

बायकोला इतिहासाची दृष्टी नाही.

१९ नोव्हेंबर

स्वराजचा फोन. त्याच्या साहेबांचं म्हणणं, अर्जुन म्हणजे झाड — अर्जुनसादडा. फलकावर झाडाचंच चित्र टाकायचं. पांडवांच्या वतीने मला अपमान वाटला. अर्धा तास बोललो. शेवटी त्याने विचारलं, "पण सर, वर अर्जुनाची झाडं आहेत का? तुम्ही गेलायत ना तिथे?"

"अनेकदा!"

निघून गेलं तोंडातून. खरं म्हणजे एकदाच, आणि तेही पायथ्यापर्यंत. आता रविवारी वर जाणं आलं. वय अडुसष्ट, गुडघे त्याहून वडील.

२३ नोव्हेंबर, रविवार

जाऊन आलो! आजच लिहितो.

स्वराजला ड्यूटी होती म्हणून त्याने केसरला सोबत दिलं. केसर रस्त्याकडेच्या कातकरवाडीतली, अंगणवाडीत मदतनीस, तीस-पस्तिशीची. मोजकं बोलते. तिची आई मनुबाई पण काठी घेऊन निघाली. साठी ओलांडलेली, अनवाणी. मी मोठ्या काळजीने विचारलं, "मनुबाई, चढ अवघड आहे. झेपेल ना तुम्हाला?" पुढचे दोन तास तिच्या टाचा बघत चढलो. त्याही लांबून.

माझ्याकडे टोपी, दुर्बीण, होकायंत्र आणि नकाशा. नकाशात अर्जुनकोंड हे नाव, आणि नावाखाली कोरा कागद. मनुबाईकडे काहीच नव्हतं, पण दर पन्नास पावलांवर तिच्याकडे नाव! एक लांब, खरखरीत कातळ — 'सासूची पाठ'.

"असं का नाव?"

"कितीबी चोळ, मऊ व्हत न्हाय."

एक वाकडा आंबा — 'रडका', कारण चीक फार. पावसाळ्यापुरती वाहणारी धार — 'पाव्हनी'. चार महिने राहते आणि जाते. मी वहीत एकोणीस नावं जागांसकट टिपली आणि दम लागून थांबलो. नावं थांबली नव्हती.

वर सपाटी. पश्चिमेला खाडी, आगरदांड्याची जेट्टी, दिघीला निघालेली फेरीबोट काडेपेटीएवढी. अर्जुनाचं झाड एकही नाही. साहेब हरले! आनंद दोन मिनिटं टिकला, कारण कुंडही नाही. एक झरा आहे. त्याच्याभोवती कुणीतरी दगड नीट बसवलेत. बाणाने दगड बसत नाहीत.

आणि गवतात दगडांचे चौकोन. चार. मनुबाई त्यातल्या एकात शिरली, आणि शिरताना वाकली. दार नाही, चौकट नाही, कंबरेएवढी भिंतसुद्धा नाही. तरी वाकली.

"ये मास्तर, बस. हे माजं घर."

मी वेगळ्याच बाजूने दगड ओलांडून आत गेलो. ती पदर तोंडाला लावून हसली. "भिंतीतनं आलास!"

२४ नोव्हेंबर

पाय. आज फक्त पाय. श्यामलाने तेल चोळलं आणि माझ्या अर्जुनाची चौकशी केली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

वाडीत गेलो होतो, मनुबाईच्या घरी. पांडवांची गोष्ट तिला सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, "ह्यो कोन अर्जून मला ठावं न्हाय. आमचा आर्ज्या."

"कोण आर्ज्या?"

तिने बोटं मोजली. "माजा सासरा बुधा. बुधाचा आजा लख्मा. लख्माचा बा आर्ज्या. खैराचा कात पाडायचा. पयला तो ऱ्हायला वर, म्हनून आर्ज्याचा कोंड."

"आणि कोंड म्हणजे?"

"आता ह्ये बी मीच सांगू? कोंड म्हंजी वाडी. तू मास्तर ना?"

मी मास्तर! म्हसळ्याकडे, माणगावाकडे पावलोपावली कोंड आहेत. कोंड म्हणजे वस्ती, हे तीस वर्षं मी पोरांना शिकवलं, न येणाऱ्यांना बाकावर उभं केलं. कुणा कारकुनाने आर्ज्याचा अर्जुन केला, आणि मी त्याच्या हातात धनुष्य दिलं.

तेवढ्यात केसरने प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढले. वरची जमीन आम्ही कसत होतो, तिथे राहत होतो, असा वनहक्काचा दावा. तिच्या वडिलांनी दोनदा केला, दोनदा फेटाळला गेला. वडील गेले. तिसऱ्यांदा हिने केलाय, पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. समिती दर वेळी एकच कागद पुढे करते. त्याची झेरॉक्स तिने माझ्या हातात दिली.

जनगणना १९९१. मौजे अर्जुनकोंड. घरे शून्य. लोकसंख्या शून्य.

"सर, चौऱ्याण्णवच्या वादळात घरं पडली, परत बांधू दिली नाहीत, म्हणून आम्ही खाली आलो. पण एक्क्याण्णवला तर चारही घरं उभी होती. मग शून्य कसं आलं? मोजायला आलेला माणूस आंधळा होता का?"

चहा संपवला. घरी आलो.

२८ नोव्हेंबर

काही नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आंधळा नव्हता. तो मीच.

फेब्रुवारी १९९१. शाळेतल्या सगळ्या मास्तरांना शिरगणतीला जुंपलं होतं. माझ्या वाट्याला खालच्या दोन वाड्या आणि अर्जुनकोंड. दोन वाड्या चोख केल्या, कोंबड्यासुद्धा मोजल्या असत्या. अर्जुनकोंडच्या पायथ्याला पोचलो तेव्हा ऊन रणरणत होतं. आंब्याखाली बसलो. डबा खाल्ला — वालाची उसळ होती, वर खोबरं. उसळ आठवते! लाज वाटायला हवी ते सोडून सगळं आठवतं.

वर बघितलं. चढ बघितला. म्हटलं, इथे कोण राहणार? मांडीवर तक्ता ठेवून शून्य काढलं. मग त्याच्या शेजारी आणखी एक. माझं अक्षर सुरेख. पर्यवेक्षक म्हणाले होते, "तुमचे तक्ते बघून डोळे निवतात." त्या कामाचं प्रशस्तिपत्रक आमच्या ओटीवर काचेत लावलेलं आहे. येणारा-जाणारा वाचतो. न वाचणाऱ्याला मी वाचायला लावतो.

कागदावर माझं नाव कुठेच नाही. कुणाला कधी कळायचं नाही. हे लिहिलं आणि बरं वाटलं. बरं वाटलं याची लाजही वाटली. लगेच नाही — जेवण झाल्यावर.

२ डिसेंबर

फलकाचा नवा मजकूर केला : 'या नावाच्या उत्पत्तीविषयी विविध मते प्रचलित आहेत.' वा! असं वाक्य लिहिता यायला माणूस शिकलेलाच लागतो.

श्यामलाने ताटातली भाकरी तशीच राहिलेली बघितली आणि म्हणाली, "काय झालंय ते सांगा, नाहीतर इराला फोन करून सांगते बाबांना बरं नाही." लेक मुंबईहून पहिल्या बोटीने मांडव्याला उतरेल आणि सरळ मला तपासायला नेईल. त्या भीतीने सांगून टाकलं.

वाटलं होतं, म्हणेल, जाऊ द्या, किती जुनी गोष्ट. तिने भाकरी झाकून ठेवली. मग म्हणाली, "त्या दिवशी घरी येऊन तुम्ही सांगितलंत, वर काय वारा होता, टोपी उडत होती. मी दुसऱ्या दिवशी टोपीला बंद शिवले."

उठली आणि ताटं घेऊन आत गेली.

५ डिसेंबर

आज सांगायचंच, म्हणून वाडीत गेलो. मनुबाई पुढ्यात बसली. तोंड उघडलं आणि जांभा दगड कसा तयार होतो यावर वीस मिनिटं बोललो. तिने मन लावून ऐकलं. निघताना मला चार कणगरं, रानातले कंद, उकडून दिली. वाटेत खाल्ली. चांगली होती. अशा माणसाचं काय करावं?

८ डिसेंबर, सोमवार

जबाब लिहिला. दावा न करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब पुरावा म्हणून चालतो, हे स्वराजकडून कळलं. पहिल्या मसुद्यात नैर्ऋत्य मोसमी वारे आले. फाडला. दुसऱ्यात 'तत्कालीन परिस्थितीत' हा शब्द चार वेळा. फाडला. तिसरा पाच ओळींचा : मी प्रगणक होतो. मी अर्जुनकोंडला वर गेलो नाही. पायथ्याशी बसून शून्य लिहिले. तो आकडा खोटा आहे. खाली सही — शरच्चंद्र, निवृत्त भूगोल शिक्षक. 'भूगोल' लिहिताना पेन अडलं.

संध्याकाळी अंगणवाडी सुटताना केसरला दिला. तिने उभ्यानेच वाचला. पुन्हा वाचला.

"सर, ही सही खरी?"

"खरी."

"माझा बाप त्या कचेरीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभा राहायचा. एकदा साहेबांनी त्याला हाच कागद दाखवून विचारलं, तू भूत आहेस का रे? सगळे हसले. तोपण हसला." तिने कागदाची घडी घातली. "मी हे वापरणार. तुमचे आभार मानणार नाही."

"नको मानूस."

"आणि आईला मी सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही सांगा."

परत येताना रस्ता कसा संपला कळलं नाही. आज स्वतःला हसायलाही जमत नाहीये. एरवी त्यात माझा हात कुणी धरत नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

सुनावणी. इस्त्रीचा सदरा घातला होता, जणू सत्काराला निघालोय.

समितीच्या साहेबांनी माझा जबाब वाचला, चष्मा काढला. "गुरुजी, तुम्हाला कुणी भाग पाडलं का?"

"पाडायला हवं होतं. एक्क्याण्णव साली."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं, हसतील.

"बरं. मग तेव्हा वर माणसं किती होती?"

"माहीत नाही."

"घरं?"

"माहीत नाही. मी गेलोच नाही."

"म्हणजे तुमच्या जबाबाने शून्य खोडलं जातं, पण त्याच्या जागी आकडा काही येत नाही."

इतकं बरोबर बोलणाऱ्या माणसाचा राग कसा येणार? एवढं धैर्य गोळा करून मी जी काय कबुली आणली होती, तिची किंमत एका खोडरबराएवढी!

मग केसर उठली. म्हणाली, "साहेब, आईला विचारा. आकडा नसेल, नावं आहेत." मनुबाईने सुरुवात केली. पायथ्यापासून. सासूची पाठ, रडका, पाव्हनी... कारकून लिहिता लिहिता मागे पडला. "आजी, सावकाश." "मी सावकाशच चाल्लेय बाबा. तू दमलास." साहेबांनी जागेची पाहणी लावली.

मनुबाईने माझा जबाब ऐकला होता का? ती तेव्हा बाहेर नळावर गेली होती, केसर म्हणाली. मुद्दाम पाठवली असणार. सांगायचं अजून माझ्याकडेच आहे.

९ जानेवारी, शुक्रवार

पाहणी झाली. साहेबांनी माझी वही मागून घेतली, ती नोव्हेंबरातली, एकोणीस नावांची. स्वतःकडे ठेवली आणि मनुबाईला म्हणाले, "आजी, चला. एकेक जागा दाखवा, नाव सांगा." वही तिच्या दृष्टीस पडू दिली नाही. तिला वाचता येत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

सतरा नावं जुळली. दोन जुळली नाहीत. साहेब झऱ्यापाशी थांबले, वही पुढे-मागे केली, स्वराजच्या मोबाइलवरचा नकाशा बघितला.

"आजींचं बरोबर आहे. गुरुजी, चूक तुमची. तुम्ही पाणी पूर्वेला वाहवलंय."

भूगोलाचा शिक्षक! इतका आनंद मला कुठल्याच चुकीने दिलेला नाही.

साहेबांनी चारही चौकोन टेपने मोजले. मातीत चुलीचे काळे दगड निघाले, पाट्याचा तुकडा निघाला. मनुबाईने प्रत्येक घरातली माणसं सांगितली, नावानिशी. लिहून घेतली. चार घरं, एकवीस माणसं. चौतीस वर्षांनी मोजणी झाली, आणि या वेळी मी नुसता होकायंत्र धरून उभा होतो. तेही उलटं.

२८ जानेवारी

केसरचा फोन. समितीने दावा मान्य करून जिल्ह्याकडे शिफारस केली. तिकडून शेवटची सही यायची आहे. ती 'सर' म्हणाली, बातमी सांगितली, ठेवला. आभार नाहीत. दिलेला शब्द पाळते.

फलकाचा मजकूर स्वराजला दिला : 'अर्जुनकोंड. आर्ज्या कातकरी येथे प्रथम राहिला, म्हणून आर्ज्याचा कोंड. कोंड म्हणजे वस्ती. १९९४ पर्यंत येथे चार घरे होती.'

"सर, आठ ओळी म्हटलं होतं. एवढंच?"

श्यामला आतून म्हणाली, "घे, घे. त्यांचा विचार बदलायच्या आत पळ."

ती आता माझ्याशी पूर्वीसारखी बोलते. जवळजवळ.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज मनुबाईला सांगितलं. एका दमात — मास्तर मी होतो, आंब्याखाली बसलो, वर आलो नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. "पांढरी टोपी? काळी पिशवी? तो तू व्हय!"

मग म्हणाली, त्या दिवशी सगळी मानसं वीटभट्टीवर गेलेली. मीच एकटी वर. पोट दुखाया लागलं व्हतं. कड्यावर आले, खाली तू दिसलास. लई हाका मारल्या. तू बगितलंस, आन् हात केलास. म्हटलं, येतो. मंग म्हटलं, मास्तर हाय, त्याला काय जमनार! दिस बुडता केसर झाली. माजी मीच नाळ कापली.

सांगताना ती हसत होती.

मला हाक ऐकू आली होती. गुराखीण असेल, असं वाटलं. मी हात केला आणि डबा उघडला.